एकतीस फायलींचं बारसं

नागपूरच्या राजदीप सरांनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, ही कांताबाई कोण?"

"फाईल आहे, सर," मी म्हटलं.

"आणि धावजी?"

"तीही फाईलच. मथुराबाई, धरमसिंग, सगळ्या फायलीच आहेत."

पलीकडून हसण्याचा आवाज आला नाही, यावरूनच मला कळलं की हा माणूस आपल्याला घाम फोडणार.

सांगते. बाभुळगावच्या बसस्टँडमागे नजीरभाईंचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. त्याच्या वरच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस. ऑफिस म्हणजे मी, नजीरभाईंची मुलगी अतिया, दोन लॅपटॉप आणि खालून दिवसभर येणारा वार्निशचा वास. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं जिल्ह्यातल्या कपाशीची पार वाट लावली. लोक घाबरून हाताला लागेल ते औषध फवारत सुटले. बोंडं तर गेलीच, वर कित्येक जण दवाखान्यात भरती झाले. पुढच्या हंगामाआधी एका संस्थेनं आम्हा दोघींना काम दिलं. फवारायचं की थांबायचं, हे मोबाईलवर सांगणारी सेवा तयार करायची. शेतात सापळे लावायचे, रात्री त्यात किती पतंग अडकले ते गावातल्या बायकांनी सकाळी मोजून पाठवायचं आणि ते आकडे पाहून आमच्या प्रोग्रॅमनं उत्तर द्यायचं.

पुस्तकातला नियम सोपा होता. सलग तीन रात्री आठ-आठ पतंग पडले की फवारा. पण पुस्तक लिहिणाऱ्याच्या वावरात वारा सुटत नाही, पाऊस येत नाही आणि रानडुक्कर सापळा पाडून जात नाही. आमच्याकडे हे सगळं होतं. म्हणून अतिया गावोगाव फिरायची, लोकांना विचारायची, आणि ज्यानं नियम सांगितला त्याच्या नावाची फाईल करून त्यात तो नियम लिहायची. ही तिचीच पद्धत. उद्या नियम चुकला तर कोणाच्या दारात जायचं ते लगेच कळतं, असं तिचं म्हणणं. अशा एकतीस फायली झाल्या. कांताबाईंच्या फायलीत पावसाचा नियम होता. रात्री पाऊस झाला की पतंग उडतच नाहीत, सकाळी सापळा रिकामा मिळतो. पण त्या रिकाम्या सापळ्याला भुलून अळी संपली असं समजू नका, ती रात्र मोजूच नका, असं त्यांनी बांधावर उभं राहून अतियाला सांगितलं होतं.

आता दिवाळीपासून राजदीप सरांची नागपूरची कंपनी ही सेवा आठ तालुक्यांत चालवायला घेणार होती आणि इथल्या दोन जागा कायमच्या भरणार होती. माझी जागा नक्की होती, कारण माझ्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री होती. अतियाकडे कागद नव्हता. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षी तिला टायफॉइड झाला, दोन विषय राहिले, ते राहिलेच. तिच्यासाठी राजदीप सरांनी एक वाट मोकळी ठेवली होती.

"कागद नसेल तर काम दाखवा," ते म्हणाले. "आज चालू असलेल्या प्रोग्रॅममधल्या ओळी कोणी किती लिहिल्या, ते आम्ही काढू. त्यात तिचं नाव भरपूर दिसलं तर घेऊ. नाहीतर मला वर काही सांगता येणार नाही."

हे काढणं अवघड नसतं. प्रोग्रॅम लिहिणारे लोक मशीनमध्येच एक नोंदवही ठेवतात. कोणती ओळ कोणी लिहिली, कधी लिहिली, कशासाठी लिहिली, हे सगळं तिच्यात राहतं. अतियासाठी तीच मार्कलिस्ट होती, आणि दुसरी कुठली मिळायची नव्हती.

"फक्त त्याआधी या फायलींना शहाण्यासारखी नावं द्या," सर म्हणाले. "उद्या नवा माणूस आला तर त्यानं धावजीला कुठं शोधायचं?"

मला राग आला. त्यांचं बरोबर होतं म्हणून जरा जास्तच आला.

तसं नाव बदलण्यात मला काही वावगं वाटत नाही. माझ्या आजोबांचं नाव उकंडा होतं. छप्पनच्या दीक्षेनंतर त्यांनी ते टाकून दिलं आणि आनंदराव झाले. जुन्या नावानं कोणी हाक मारली तर ते वळूनही पाहत नसत. नाव बदललं की माणूस मोकळा होतो, याच समजुतीत मी वाढले. नाव बदलल्यानं कोणाचं नुकसान होतं, हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. एकतीस फायलींचं बारसं करायला मला अर्धा दिवस पुरला असता.

पण माझा स्वभाव नडला. अतिया त्या आठवड्यात महागावला गेली होती, सापळे मोजणाऱ्या बायकांना शिकवायला. ऑफिसात मी एकटी. नाव बदलायला फाईल उघडली की आतलं दिसायचं, आणि आतलं दिसलं की माझा हात शिवशिवायचा. अतियानं आतही आमच्याच बोलीतले शब्द वापरले होते, पाती, बोंड, पाखरू. नागपूरवाले यालाही नाक मुरडतील म्हणून मी ते बदलले. ओळी सरळ केल्या. लांबलचक तुकडे तोडून लहान केले. दिवाळीच्या आवराआवरीत डबे नव्या मांडणीवर ठेवताना बाई आतले गहूही निवडून घेते, तशी मी चार दिवस निवडत बसले. आणि हे सगळं एकाच नोंदीत टाकलं: 'नावं बदलली, साफसफाई केली. मोनाली.' ते सर्व्हरवर पाठवलं, नागपूरला कळवलं आणि खाली जाऊन स्वतःच्या कौतुकाचा एक चहा प्यायले.

अतिया परत आली, नव्या फायली उघडून बराच वेळ पाहत बसली. "चांगलं झालं, ताई," एवढंच म्हणाली. मला वाटलं, प्रवासानं थकली असेल.

त्यानंतर सहाव्या दिवशी बाजार होता. बाजाराला आलेल्या कांताबाई आमच्याकडे चढून आल्या. पतंगांना ओढून आणणारी एक लहानशी गोळी सापळ्यात असते, ती महिन्याला बदलावी लागते. त्या गोळ्यांचं पाकीट त्यांना हवं होतं. त्या धापा टाकत खुर्चीवर बसल्या, अतियानं त्यांच्यासाठी पाणी भरलं, आणि तेवढ्यात राजदीप सरांची मेल आली. मी ती मोठ्यानं वाचली. चालू प्रोग्रॅममधल्या शंभर ओळींपैकी शहाण्णव मोनालीच्या, चार अतियाच्या. खाली लिहिलं होतं, 'शुक्रवारी येतोच आहे, पण दुसऱ्या जागेचं अवघड दिसतं.'

मी खुर्चीतून उठलेच. "यायचं मशीन बिगडलं काय? अर्ध्याच्या वर त तूच लिवलं!"

अतिया हातात ग्लास घेऊन तशीच उभी होती. "मशीन नाई बिगडलं, ताई. तुमी नाव बदललं आन आतलं बी बदललं. दोन्ही एकदमच. त्याले वाटलं जुन्या फायली मेल्या, आन ह्या नव्या तुमी आनल्या."

ती म्हणत होती ते शंभर टक्के खरं होतं. नाव बदललेली फाईल नोंदवही आतल्या मजकुरावरून ओळखते. निम्म्याहून जास्त मजकूर जुळला की ती समजते, ही जुनीच आहे, नाव तेवढं नवं. मी आतलं इतकं घासून काढलं होतं की तिला ओळखायला काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. अतियाच्या जुन्या नोंदी पुसल्या नव्हत्या, पण त्या सगळ्या मेलेल्या फायलींच्या नावावर पडून होत्या. आज चालू असलेली प्रत्येक ओळ माझी दिसत होती. नाव बदलताना दुसरं काहीही बदलायचं नाही, त्याची वेगळी नोंद करायची, हे नव्या पोरांना पहिल्या महिन्यात शिकवतात. अतियाला ते मीच शिकवलं होतं.

"तुले कवा कळलं?" मी विचारलं.

"महागावून आली त्याच दिवशी."

"मंग बोलली काहून नाई?" माझा आवाज खाली दुकानात पोचला असणार, कारण नजीरभाईंची ठोकठोक थांबली.

"मले वाटलं, तुमी इचार करूनच केलं असन." ती ग्लासाकडे पाहत बोलत होती. "तुमीच मले शिकवलं. तुमाले हे मालूम नसन, असं कसं समजू मी? मले वाटलं... माह्यं नाव ठेवाचं नसन तुमाले."

मला इतकं लागेल असं आयुष्यात कोणी बोललं नव्हतं, आणि ती ते रागानंसुद्धा बोलली नव्हती. मला लाज वाटली. आणि खरं सांगते, लाजेच्या मागोमाग रागही आला, तिचाच. सहा दिवस ही पोरगी माझ्याबद्दल असं समजत होती आणि समोर बसून माझ्याच डब्यातली भाजी खात होती. मग लक्षात आलं की आजवर या खोलीत माझी चूक काढायची कोणाची हिंमत झाली नव्हती, आणि ती व्यवस्था मीच लावलेली होती.

"काय झालं, पोरीहो?" कांताबाईंनी विचारलं.

अतियानं ग्लास त्यांच्या हातात देत सांगितलं, "तुमच्या नावाची फाईल होती ना मावशी, तिचं नाव बदललं. त्यात माह्यं काम बी ताईच्या नावावर गेलं."

"नाव बदला ना, माह्यं काय जाते?" कांताबाईंनी पाण्याचा घोट घेतला. "पन आंधीचं कोनाचं होतं ते लिवलं पाहिजे. आमचं वावर नाई का, आंधी दुसऱ्याचं होतं. आमच्या नावानं झालं तवा तलाठ्यानं फेरफारात दोन्ही नावं लिवली. ते नसतं लिवलं त आमचं वावर आलं कोठून, आभायातून पडलं?"

मी हसले नाही. आमच्या एकतीस फायली आभाळातूनच पडल्या होत्या.

उपाय होता, पण तो मला गिळवत नव्हता. माझी नोंद सर्व्हरवरून मागे घ्यायची, जणू ती झालीच नाही. मग फक्त नावं बदलायची, आत बोटही लावायचं नाही. म्हणजे माझं चार दिवसांचं निवडणं-घासणं कचऱ्यात. आणि एकदा वर पाठवलेली नोंद मागे घ्यायची नाही हा आमच्याकडचा सगळ्यात कडक नियम, तोही माझाच. एकीनं मागे घेतलं की दुसरीच्या मशीनवर गोंधळ होतो. आता तर एक प्रत नागपूरलाही गेली होती. म्हणजे सरांना फोन करून सांगावं लागणार होतं की डिग्रीवाल्या मॅडमनं नवशिक्याची चूक केली.

मी पळवाट काढून पाहिली. "मी सरले पत्र लिवून देतो ना, का ह्या ओळी अतियाच्याच हायेत म्हून. मी सांगतल्यावर थोडी नाई म्हनतीन?"

"पत्र नोको, ताई," अतिया म्हणाली. "लोक म्हनतीन, मॅडमच्या मेहेरबानीनं लागली. जेवढं माह्यं हाय तेवढं दिसू द्या, बस."

मी फोन लावला. लाज वाटत असली की मी भराभर बोलते, तशी बोलले.

"चार दिवसांचं काम टाकून देणार?" शेवटी ते म्हणाले.

"हो."

"त्यात काही चांगलंही असेल."

"चांगलंच आहे, सर. म्हणून तर जीव तुटतोय."

आता मात्र ते हसले. "ठीक आहे. आमची प्रत मी काढून टाकतो. शुक्रवारी तुमच्यासमोरच नवी घेऊ."

मी माझी नोंद मागे घेतली आणि माझ्या खुर्चीवर अतियाला बसवलं. कांताबाईंची पिशवी भरून झाली होती, पण त्या उठेनात. "माह्या फायलीचं नाव काय ठेवता ते ऐकूनच जातो," म्हणाल्या. अतिया एकेक जुनं नाव वाचायची, मी नवं सांगायची, ती बदलायची. मथुराबाई झाली, धरमसिंग झाला. कांताबाईंचा नंबर आला तेव्हा तिनं मान वळवून सांगितलं, "मावशी, तुमच्या फायलीचं नाव आता 'रेन नाईट'. पावसाची रात्र."

"इंग्रजीत?"

"हो."

"चालते," म्हणून कांताबाई उठल्या आणि जिना उतरल्या.

एकतीस नावं बदलून झाल्यावर अतियानं नोंदीत प्रत्येकाचं जुनं नाव आणि नियम सांगणाऱ्याचं गाव लिहिलं. फायलींच्या आत एक अक्षर हललं नव्हतं. नोंद केल्यावर मशीननं एकतीस ओळींची यादी दाखवली, प्रत्येकीत जुनं नाव, नवं नाव आणि आतला मजकूर किती जुळतो त्याचा आकडा. सगळीकडे शंभर टक्के. अतिया त्या यादीवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेली, मग पुन्हा वर आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी खिडकीबाहेर पाहण्याचं नाटक केलं.

मग आम्ही सरांसारखीच ओळींची मोजणी करून पाहिली. अतियाच्या एकाहत्तर, माझ्या एकोणतीस. माझा अंदाज साठ-चाळीसचा होता. थोडं टोचलं, उगाच नाही कशाला म्हणू?

शुक्रवारी राजदीप सर आले. वार्निशच्या वासानं दोनदा शिंकले, खुर्ची ओढून बसले आणि नवी प्रत उतरवून घेतली. आकडे पाहिले. मग एक फाईल उघडून मधल्याच ओळीवर बोट ठेवलं.

"ही रात्र का गाळली? सापळा रिकामा म्हणजे शून्य. शून्य मोजायला काय हरकत आहे?"

उत्तर मला पाठ होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्या ओळीशेजारी अतियाचं नाव होतं, म्हणून मी ते मोठ्या कष्टानं मिटलं.

अतिया आधी पुस्तकी मराठीत सुरू झाली, दोन वाक्यांत अडखळली आणि मग सरळ आपल्या बोलीवर आली. "सर, समजा पयल्या रात्री नऊ पाखरं पडले. दुसऱ्या रात्री पानी आलं, सापळा खाली. तिसऱ्या रात्री अकरा, चवथ्या रात्री दहा. पुस्तकाच्या हिशेबानं साखळी तुटली, आपन सांगतो थांबा. शेतकरी थांबते. तवरोक अळी बोंडात घुसते. एक डाव आत गेली का मंग कितीबी फवारा, तिले काईच होत नाई, मानसालेच होते. म्हून पान्याची रात्र मोजाची नाई. हे कांतामावशीनं सांगतलं, मी त्यायच्या वावरात पंधरा दिवस जाऊन पाह्यलं, मंग लिवलं."

सरांनी आणखी तीन ठिकाणी बोट ठेवलं. तिन्ही ठिकाणी तिनं तारखेसकट सांगितलं. मग त्यांनी लॅपटॉप मिटला.

"दोन्ही पत्रं दिवाळीआधी येतील," ते म्हणाले. "अतिया, रुजू झाल्यावर पहिलं काम काय करशील?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "ताई, राग त नाई येनार?"

"येईन. बोल."

"सर, आज ताई काईबी बदलून सिद्दं सर्व्हरवर पाठवू शकतात. मी बी. मी ते बंद करीन. एकीचं काम दुसरीनं पाह्यल्याबिगर आत जानार नाई. ताईचं बी नाई. आंधी मी पाहीन."

सर माझ्याकडे पाहत होते आणि त्यांना मजा वाटत होती हे स्पष्ट दिसत होतं. परवा-परवापर्यंत सहा दिवस गप्प राहिलेली हीच ती पोरगी, आणि आता परक्या माणसासमोर माझ्या तोंडावर सांगत होती की तुमच्यावर लक्ष ठेवावं लागेल. मला राग आला, अभिमान वाटला, दोन्ही एकाच वेळी. त्यातला राग मी गिळला.

"सोमवारपासून लावू," मी म्हटलं.

सोमवारी सकाळी मी एक छोटासा बदल लिहून पाठवला. दहा मिनिटांत तो परत आला. खाली लिहिलं होतं, 'ताई, यात दोन कामं एकत्र केली आहेत. वेगळी करून पाठवा.'

मी मान वर करून पाहिलं. अतिया समोरच, चार हातांवर बसली होती आणि स्क्रीनवरून नजर हलवत नव्हती. मी तोंडातल्या तोंडात दोन शिव्या घातल्या आणि दोन्ही कामं वेगळी करायला घेतली.